अव्होकाडोला मोहोर बख्खळ, फळ एक नाही. नर झाड निघालं काय?

कळंबेकर:
मंडळी, घर कळंब्यात. २०१६ ला मेव्हणे कुर्गहून येताना बटर फ्रूट, म्हणजे अव्होकाडो, घेऊन आले. कुणाला फारसं रुचलं नाही, आईनं साखर घालून संपवलं आणि बी मोरीच्या कडेला खोचलं. आज ते झाड स्लॅबच्या वर गेलंय. गेली तीन वर्षं संक्रांत सरली की मोहोर येतो, आणि येतो म्हणजे आंब्यानं लाजावं असा. बारीक पिवळट-हिरवी फुलं, पायऱ्यांवर नुसता सडा. फळ म्हणाल तर शेंगदाण्याएवढंसुद्धा धरत नाही.

शेजारचे काका म्हणतात, पपईसारखं हे नर झाड आहे, तोडा. आईचं वेगळंच. "बारमाही हिरवं म्हणतोस, मग माघात रोज पाटीभर पानं कशी गळतात?" बायकोला तिथं कढीपत्ता हवाय. मला तोडवत नाही. नर असतं का यात? आणि ही पानगळ म्हणजे रोग आहे का?

रंकाळ्याचा_वारा:
तोड भावा, नारळ लाव. अव्होकाडो बाजारात मिळतंय की.

गुळुंब:
तोडू नका. कोयता ठेवा बाजूला आणि घड्याळ घ्या.

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, निवृत्त झालो. पोरांसाठी फुलं आणून मांडायची, हे माझं काम. त्यामुळं सांगतो, अव्होकाडोत नर झाड, मादी झाड असा प्रकारच नाही. प्रत्येक फुलात दोन्ही असतं, फक्त एका वेळी नसतं. फूल दोनदा उमलतं. पहिल्यांदा उमलतं तेव्हा मादी. मधली कुक्षी पांढरी, पराग घ्यायला तयार, भोवतीचे नऊ पुंकेसर आडवे पडलेले, परागकोश बंद. काही तासांनी फूल मिटतं. दुसऱ्या दिवशी परत उमलतं तेव्हा केसर उभे, पराग सुटलेला आणि कुक्षीचं काम संपलेलं. भिंग असेल तर परागकोश जरूर बघा. बहुतेक फुलांत तो उभा चिरतो. इथं टपरीची फळी वर उचलावी तशी चिमुकली झाकणं उचलली जातात. दालचिनीच्या फुलातही अगदी तसंच.

आता तुमचं दुखणं. काही झाडांची फुलं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, हा 'अ' गट. काहींची दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर, तो 'ब' गट. अव्होकाडोच्या वाणांपैकी हास 'अ' मधला, फ्युएर्ते 'ब' मधला. एका झाडावरची सगळी फुलं जवळपास एकाच ठेक्यात चालतात, म्हणजे पराग सुटतो तेव्हा घेणारं कुणी नसतं. हवा थंड-गरम झाली की ठेका चुकतो आणि मग एकट्या झाडालाही थोडीफार फळं धरतात. तुमचं झाड फारच शिस्तीचं दिसतंय. आणि सगळं जमलं तरी हजार फुलांमागं एखादं फळ टिकलं तर खूप, तेव्हा सड्याचं दुःख करू नका.

आईंची नजर चांगली आहे. पण बारमाही हिरवं म्हणजे पान गळतच नाही असं नव्हे, सगळी एकदम गळत नाहीत एवढंच. अव्होकाडोचं पान साधारण वर्षभर जगतं. मोहोर आणि नवी पालवी आली की जुनं पान जागा सोडतं. कुळाची रीतच ती. तुमच्या घरच्या कांदा-लसूण चटणीत या झाडाचे दोन भाऊबंद पडतात, दालचिनी आणि तमालपत्र. कापराचं झाड तिसरं (आता देव्हाऱ्यातला कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून करतात, ते असो). राधानगरी-दाजीपूरकडच्या रानातला गुळुंब, ज्याचं नाव मी इथं लावलंय, तो तर इतका जवळचा की शास्त्रज्ञ त्याला बरीच वर्षं अव्होकाडोच्याच पर्सिया या प्रजातीत धरत होते. त्याच्या सालीची पूड उदबत्ती चिकटवायला वापरतात.

मला खरी काळजी मोरीची वाटते. याची मुळं उथळ, साचलेलं पाणी त्यांना सोसत नाही. फायटोफ्थोरा सिनामोमी नावाची मूळकुज लागते. त्या नावात दालचिनी आहे, कारण १९२२ साली सुमात्रात दालचिनीच्या झाडांवरच तिची पहिली नोंद झाली. कॅलिफोर्नियातलं हासचं मूळ झाडही २००२ मध्ये मूळकुजीनंच गेलं. शेंड्याकडून फांद्या वाळायला लागल्या, पानं लहान आणि फिकट यायला लागली, तर घाबरा. नुसती जुनी पानं गळत असतील तर झाडून घ्या.

म्हशीवाली_काकू:
झाडून घ्या म्हणताय, पण ती पाटीभर पानं जातात कुठं? जनावराला घालत नाही ना? आमच्याकडं शेळीनं ओल्या फांदीचा पाला खाल्ला, दोन दिवसांत कास सुजली, दूध आटलं. डॉक्टरांनी आधी नेहमीच्या दगडीचं (कास सुजायच्या रोगाचं) औषध दिलं, मग विचारलं काय खाल्लं. या पानात पर्सिन म्हणून विष असतं. गाय-म्हैस, शेळी, घोडा, कुणालाच चालत नाही, पिंजऱ्यातल्या पोपटालासुद्धा फळ देऊ नये.

कळंबेकर:
काकू, बरं झालं सांगितलंत. आई रोज ती पाटी गल्लीतल्या गोठ्यावर देत होती. वाळकी पानं म्हशी हुंगून सोडायच्या म्हणे. आजपासून बंद.

गुळुंबसाहेब, रविवारी दिवसभर झाडाखाली बसलो. एका तुऱ्याला लाल लोकर बांधली. सकाळी आठला सगळं मिटलेलं. साडेदहाला उघडली, केसर उभे, बोटाला पिवळं लागलं. दुपारी एकपर्यंत ती मिटायला लागली आणि तीनला त्याच तुऱ्यावरची दुसरी फुलं उघडली, मधे पांढरा ठिपका, केसर आडवे. म्हणजे 'ब' ना? काका पण भिंग घेऊन आले होते. नर-मादीवर आता काही बोलत नाहीत. मोरीला पाइप टाकून पाणी पलीकडं काढलंय.

गुळुंब:
'ब'च. मग 'अ'ची सोबत द्या. दुसरं झाड लावायला जागा नसेल तर एका चांगल्या फांदीवर हासची काडी पाचर कलमानं बांधा. काडी पेन्सिलीएवढी जाड, डोळे फुगलेले पण फुटलेले नकोत. बुंध्याशी माती चढवा, वर उसाचं पाचट अंथरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. लोकर सोडू नका अजून. थंडी हटली की फुलायच्या वेळा सरकतील, त्या पण लिहून ठेवा.