'पॅडिंग'ला काय म्हणावं : भर, फट की खोगीरभरती?

प्रश्न : लिनक्सचे ड्रायव्हर कसे लिहावेत यावर मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्रॅम) आणि यूजरचा प्रोग्रॅम यांच्यात स्ट्रक्ट (सी भाषेत एकत्र बांधलेले घटक) जसाच्या तसा, बाइटला बाइट, ये-जा करतो, त्या भागात अडलोय. १ बाइटचा फ्लॅग आणि त्यामागे ४ बाइटचा आकडा, बेरीज ५. पण आकार मोजणारा साइझऑफ ८ सांगतो. आकड्याचा मेमरीतला पत्ता चारच्या पाढ्यात बसावा म्हणून कंपायलर मध्ये ३ बाइट सोडतो. त्या तीन बाइटांना, म्हणजे 'पॅडिंग'ला, मी 'भर' लिहिलंय. बरोबर वाटतं का?

प्रतिसाद १ : आपल्याकडे 'खोगीरभरती' असा अस्सल शब्द असताना 'भर' कशाला? खोगीर फुगवायला आत कोंबतात तेच की हे.

प्रतिसाद २ : खोगीरभरती म्हटलं की बिनकामाचा भरणा असा अर्थ होतो. हे तीन बाइट बिनकामाचे नाहीत, त्यांच्यामुळेच आकडा जागेवर बसतो. पण माझा खरा आक्षेप 'भर' या शब्दावर आहे. भर घालायला घालणारा लागतो. अंगणात मातीची भर कोणीतरी आणून टाकतं. इथे कोणीच काही टाकलेलं नाही, नुसती जागा सुटली आहे. ती 'फट' आहे.

हा फरक मला कामावर कळला. आमच्या एका ड्रायव्हरमध्ये स्ट्रक्टचे दोन्ही घटक मी नीट लिहिले होते आणि कॉपी-टू-यूजरने (कर्नलमधून यूजरकडे नक्कल देणाऱ्या फंक्शनने) ८ बाइट बाहेर दिले. हेक्सडंपमध्ये (एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या छाप्यात) पाहिलं तर पहिला बाइट ०१, शेवटचे चार बरोबर, आणि मधले तीन दर वेळी निराळे. कर्नलच्या स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेत) आधीच्या फंक्शनने जे सोडलं होतं तेच फटीतून बाहेर चाललं होतं. तिथे मेमरीतल्या एखाद्या पत्त्याचा किंवा गुप्त किल्लीचा तुकडाही असू शकला असता. आधी मेमसेटने सगळा स्ट्रक्ट शून्य केला, मग घटक लिहिले, तेव्हा ते थांबलं. टिपणात 'भर' वाचणारा मुलगा समजेल की कंपायलरने तिथे शून्यं भरली आहेत. तो हमखास फसेल.

'पाहोल' नावाचं साधन स्ट्रक्टची मांडणी छापतं, तेही अशा जागेला भोकच म्हणतं.

प्रतिसाद ३ : फट पटली, पण 'भर' टाकून देऊ नका. आपणच स्ट्रक्टमध्ये तीन बाइटचा 'पॅड' घटक लिहिला, तर ती भर. कर्नलने आत घेताना ती शून्य आहे का हे तपासावं आणि नसेल तर कॉल नाकारावा, म्हणजे पुढे त्या बाइटांना नवा अर्थ देता येतो.

फट सगळीकडे सारखी पडत नाही, हेही लिहा. ४ बाइटचा आकडा आणि त्यामागे ८ बाइटचा : ३२ बिटच्या एक्स८६वर १२ बाइट, ६४ बिटवर १६. आयओसीटीएलच्या (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला हाक मारायच्या कॉलच्या) क्रमांकात स्ट्रक्टचा आकार १४ बिटांत गुंफलेला असतो, त्यामुळे क्रमांकच बदलतो. जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या कर्नलला हाक मारतो आणि ड्रायव्हर ती ओळखतच नाही. मध्ये ४ बाइटची भर स्वतः घातली की दोन्हीकडे १६.

प्रतिसाद १ : मान्य. खोगीरभरती मागे घेतो. 'अलाइनमेंट'ला मग ओळंबा चालेल का?

प्रतिसाद २ : ओळंबा उभ्या भिंतीचा, तो फक्त सरळ आहे की नाही एवढंच सांगतो. इथे चारच्या, आठच्या पटीत बसायचं असतं. प्रश्नकर्त्यानेच वर 'पाढ्यात बसणं' लिहिलंय, ते राहू द्या.

प्रश्नकर्ता : आभार. कंपायलर सोडतो ती फट, आपण घालतो ती भर, असं दोन्ही ठेवतोय. हेक्सडंपचं उदाहरणही घेतो. 'कर्नल' मात्र तसंच ठेवेन. 'गाभा' लिहून पाहिलं, पण मुलं लॅबमध्ये तो शब्द बोलणार नाहीत.