मदत हवी आहे : जपानी हेवी मेटल ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मी पुण्यात दोन वर्षांपासून जपानी शिकत असून सध्या एन४ परीक्षेची तयारी करीत आहे. कानाला सवय व्हावी म्हणून रोज जपानी गाणी ऐका, असे आमच्या शिक्षिकेने सुचवले. त्याच सुमारास दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने बेबीमेटल या जपानी बँडसोबत २०२५ मध्ये केलेले 'बेखौफ' हे गाणे भाच्याने ऐकवले आणि ज्या संगीताला मी आजवर गोंगाट म्हणत आले, ते चक्क पुन्हा ऐकावेसे वाटले.

त्या भरात एक्स जपान या बँडचे 'आर्ट ऑफ लाइफ' लावले. एकच गाणे २९ मिनिटांचे, मध्येच पियानोवर कोणी राग काढत असल्यासारखा लांबलचक भाग, आणि शेवटी लक्षात आले की शब्द इंग्रजीच आहेत! मग 'साय' नावाचा बँड ऐकला, पण त्यातल्या घशातून ओरडण्यातून एकही शब्द हाती लागला नाही. स्वच्छ आवाजात, जपानी शब्दांत गायलेले आणि नवख्या माणसाला झेपेल असे काही जाणकारांनी सुचवावे, ही विनंती.

प्रतिसाद १

तुम्ही सुरुवातच अवघड टोकाकडून केलीत. 'साय'चा पहिला अल्बम १९९३ साली नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा अधिक कर्कश प्रकार) वाल्यांच्या कंपनीने काढला होता. तिथे शब्द कळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते.

जपानमध्ये ज्याला 'जापामेता' म्हणतात, तो जपानी हेवी मेटलचा प्रवाह ऐंशीच्या दशकात जोमाने वाहू लागला. त्याआधी सत्तरच्या दशकापासून बाऊ वाऊ हा बँड होताच, परंतु नवख्याने लाउडनेस या बँडपासून सुरुवात करावी. गिटारवादक अकिरा ताकासाकी आणि ड्रमवादक मुनेताका हिगुची हे दोघे लेझी नावाच्या पोरसवदा पॉप बँडमध्ये अडकले होते. तो मोडल्यावर १९८१ मध्ये त्यांनी लाउडनेस उभा केला. सगळे जण तुम्हाला १९८५ चा 'थंडर इन द ईस्ट' सुचवतील, कारण तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. मात्र तो परदेशी श्रोत्यांसाठी इंग्रजीत गायलेला आहे. तुमच्या कामाचे अल्बम त्याच्या आधीचे आहेत : १९८१ चा 'द बर्थडे ईव्ह' आणि १९८३ चा 'द लॉ ऑफ डेव्हिल्स लँड'. नावे इंग्रजी असली तरी गाणी मुख्यतः जपानी आहेत.

तुमच्यासाठी माझी खरी शिफारस मात्र सेइकिमा-त्सू या बँडची आहे. तोंडाला पांढरा रंग फासलेले हे लोक स्वतःला राक्षस म्हणवत आणि जग जिंकून झाले की बँड बंद करू असे सांगत. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर १९९९ रोजी त्यांनी तो खरोखरच बंद केला, पुढे अधूनमधून एकत्र आले ते वेगळे. गायक देमोन काक्का, म्हणजे 'महामहिम राक्षस', सुमो कुस्तीचे जाणकार भाष्यकारही आहेत आणि त्यांचे उच्चार आरशासारखे स्वच्छ आहेत. ते स्वतःला 'वागाहाइ', म्हणजे जुन्या, ऐटबाज थाटातला 'मी', म्हणतात, जे तुमच्या वर्गात कोणी शिकवणार नाही. १९८६ चे 'रोऽनिंग्यो नो याकाता', म्हणजे मेणाच्या बाहुल्यांचा वाडा, हे गाणे ऐकाच. सुरुवातीला निवेदन असल्यामुळे कान आधी तयार होतो.

जपानी गाणे ऐकताना मात्रा मोजत जा. 'तोक्यो' या शब्दात दोन्ही स्वर दीर्घ असल्याने चार मात्रा होतात, अगदी आपल्या मात्रावृत्तातल्या दोन गुरूंसारख्या. गाताना बहुतेक वेळा एका मात्रेला एक सूर मिळतो, म्हणून वेगवान गाण्यात शब्द खच्चून भरल्यासारखे वाटतात, पण एकदा ती मोजणी बसली की वेगाची भीती राहत नाही.

यानंतर गालनेरियस हा बँड घ्या. २००९ पासून तिथे गाणारे मासातोशी ओनो यांचा उंच, मोकळा आवाज 'हंटर हंटर'च्या शीर्षकगीतामुळे अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका, बघणाऱ्यांना परिचित आहे. लव्हबाइट्स हा बायकांचा बँड वादनात कोणाला हार जाणार नाही, पण त्यांची बहुतेक गाणी इंग्रजीत असल्याने परीक्षेनंतर ऐकलात तरी चालेल.

प्रतिसाद २

एक्स जपानला एकदम बाद करू नका. १९८९ च्या 'ब्लू ब्लड'मधले 'कुरेनाइ' ऐका. आधी गिटारच्या संथ, सुट्या सुरांवर इंग्रजी ओळी येतात, मग ड्रम सुटतात आणि गायक तोशी जपानीत शिरतो. शालेय बेसबॉलच्या सामन्यांत वाद्यवृंद हीच धून वाजवतात, इतके ते तिथे घरोघरी पोहोचले आहे.

एक अवांतर : बेबीमेटलचे चाहते मधली बोटे अंगठ्याला टेकवून तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवतात. ते त्यांचे कोल्ह्याचे चिन्ह. माझ्या भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीने ते पाहून 'हा तर सिंहमुख हस्त' म्हणून निकाल दिला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाड्याचे निवेदन तीन वेळा ऐकले आणि तिसऱ्या वेळी दोन वाक्ये सलग कळली. 'कुरेनाइ'ने मात्र फजिती केली. आम्ही वर्गात नुकतेच 'कुरेरु' हे क्रियापद शिकलो असल्यामुळे त्याचे नकारार्थी रूप समजून, हा माणूस इतक्या आर्ततेने 'देत नाही, देत नाही' असे का म्हणतो आहे याचा मी दोन दिवस विचार करीत होते. शब्दाला लागलेला 'नि' हा प्रत्यय कानावर आला तेव्हा कुठे कळले की हे नाम असून त्याचा अर्थ किरमिजी रंग असा आहे.