भेरली माडाची नवी पानं पिवळी पडताहेत, उपाय सांगा

धुऱ्यावरचा (दारव्हा तालुका): नमस्कार मंडळी. घरामागे काळ्या जमिनीत भेरली माड (माशाच्या शेपटीसारख्या पानांचा ताड) आहे, उंची सातेक फूट, पाणी बोअरचं. एप्रिल लागला की पानांची टोकं करपतात. आता नवी पानंही पिवळी निघताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. युरिया दिला, फरक नाही. कोकणातून याच झाडाच्या पिकलेल्या फळांचा घड आला आहे, त्याची रोपं कशी करायची?

काळीमाती: भाऊ, नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, म्हणजे लोहाची कमतरता. युरियाचं तिथं काम नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, बोअरचं जड (क्षारांचं) पाणी त्यात भर घालतं. फेरस सल्फेट 5 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम, एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटच (लोह मुळांना उचलता येईल असं धरून ठेवणारं खत) मागा. ईडीटीए हा दुसरा प्रकार अशा जमिनीत टिकत नाही.

पण आधी पावसाळ्यात बुडाशी पाणी साचतं का ते पाहा. हे झाड सह्याद्रीच्या उतारावरच्या दमट जंगलातलं. पाऊस कितीही चालतो, तुंबलेलं पाणी नाही. मुळं गुदमरली की फवारे वाया. चार फुटांवर दोन फूट खोल चर काढून उताराकडे सोडा. पुढचं रोप लावताना काळ्या जमिनीत खड्डा करून मुरूम भरू नका, त्याचा हौद होतो. दीड फूट उंच, सहा फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा.

टोकं करपतात ती कोरड्या झळांनी. पश्चिमेकडून 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि सोयाबीनचं कुटार (भुसा) चार इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब. अर्धवट पिवळी जुनी पानं कापू नका. झाड त्यातलं पालाश (पोटॅश) नव्या पानांकडे वळवतं.

रोपवाटिका_वणी: फळांना उघडा हात लावू नका दादा. गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, भयंकर खाज सुटते. रबरी हातमोजे घालून फळं दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, मग वाळूत चोळून गर काढा. बी उन्हात वाळवू नका, लगेच लावा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी वाळू, एक इंच खोल, सावलीत. कोंब दोन ते चार महिन्यांत, तोही मागेपुढे येतो, म्हणून उकरून पाहू नका. पिशवी खोल घ्या.

धुऱ्यावरचा: आभार. झाड घरापासून आठ फुटांवर आहे, चालेल का?

काळीमाती: आत्ता चालेल, पुढे अडचण आहे. भेरली माड एकदाच फुलतो. पहिला तुरा (फुलांचा घोस) शेंड्याला येतो, मग खाली खाली येत काही वर्षं फुलोरा चालतो आणि शेवटी झाड मरतं. तुरे कापून ते वाचत नाही, बुडाला फुटवाही येत नाही. तोवर उंची चाळीस फुटांच्या वर गेलेली असते. खालचा शेवटचा तुरा आला की जाणकाराकडून शेंड्यापासून तुकडे करत उतरवून घ्या. उभं वाळू दिलं तर बुंधा आतून पोकळ होऊन छपरावर येईल. नवी रोपं मात्र घर आणि विजेच्या तारांपासून पन्नास फूट लांब लावा.