मदत हवी आहे: आऊटबोर्ड इंजिन खाडीत नीट चालतं, पूर्ण रेस दिली की तीन-चार मिनिटांत बंद पडतं

नमस्कार मंडळी. देवबागला कर्ली खाडीत आमची छोटी फायबरची होडी आहे, मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. दोन सिलिंडर, एकच कार्बोरेटर, २४ लिटरची सुटी टाकी, आणि टाकी ते इंजिन पाईपात हाताने दाबायचा रबरी बल्ब. होडी काका चालवतात. मी सुट्टीला गावी आलो की सोबत जातो. इंजिनातलं मला जुजबीच कळतं, म्हणून जे दिसलं ते सगळं लिहितो.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढून ठेवली होती. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली, दोरी दोनदा ओढताच इंजिन सुरू झालं. खाडीत हळू चालवताना काहीच तक्रार नाही. बाहेर पडून पूर्ण रेस दिली की तीन-चार मिनिटं सुरेख चालतं, मग दम लागल्यासारखा आवाज बसत जातो आणि बंद. बल्ब पाच-सहा वेळा दाबला की पुन्हा सुरू, पुन्हा तीन-चार मिनिटं.

गेल्या मंगळवारी हे नेमकं खाडीच्या तोंडावर झालं. ओहोटी जोरात होती. ती जागा ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत असतात. काकांनी नांगर टाकला, मी वल्ह्याने होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवलं. होडी आडवी झाली असती तर काय झालं असतं याचा विचार अजून रात्री येतो. त्या दिवसापासून काकांनी इंजिनाला हात लावलेला नाही.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) हवेने फुंकले. ऑइल लिटरला २० मिली, नेहमीचंच. पाईप फुंकून पाहिला, हवा आरपार जाते. पाण्याच्या पिंपात इंजिन लावलं तर अर्धा तास चालतं. मेस्त्री आता कार्बोरेटरच बदला म्हणतात. तोच दोषी असेल तर उसने पैसे काढून घेईन, पण आधी खात्री हवी. कोणी सांगेल का?

दर्यावर्दी:
कार्बोरेटर इतक्यात घेऊ नका. बल्ब दाबला की चालतं, यातच निम्मं उत्तर आहे. पेट्रोल पोचलं की कार्बोरेटर आपलं काम करतोय. हळू चालताना पेट्रोल देणारा पायलट जेट बुजला असता तर खाडीत हळू चालतानाच कुरकुर झाली असती. जास्त रेसला पेट्रोल देणारा मेन जेट बुजला असता तर पहिली तीन-चार मिनिटंसुद्धा पूर्ण रेस मिळाली नसती.

पिंपातल्या चाचणीवर जाऊ नका. तिथे पंख्यावर भारच नसतो. एवढं टू-स्ट्रोक समुद्रात पूर्ण रेसला तासाला साधारण सहा-सात लिटर ओढतं, पिंपात त्याच्या कितीतरी कमी. चिंचोळी झालेली वाट थोड्या पेट्रोलाला पुरते, जास्तीला पुरत नाही.

आता एक करा. आवाज बसायला लागला की एकाने बल्बला हात लावून बघायचं. बल्ब चपटा झाला असेल तर अडथळा टाकी आणि बल्ब यांच्या मध्ये. भरलेला, टणक असेल तर अडथळा बल्बच्या पुढे: फिल्टर, इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप, कार्बोरेटरची सुई. गोल पण मऊ असेल आणि दाबूनही टणक होत नसेल, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय किंवा बल्बमधल्या झडपा गेल्यात.

हा प्रयोग खाडीच्या आतच करा, भरतीला, दुसरी होडी सोबत घेऊन. तोंडाजवळ अजिबात नको. आणि आवाज बसताक्षणी रेस खाली आणा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि भर रेसला असं वारंवार झालं तर पिस्टन जाम होतो. मग कार्बोरेटरच्या दुप्पट-तिप्पट खर्च.

वल्हं:
टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता ना? होडी वर ओढताना बंद करतात आणि मग विसरतात. आत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसं? दुसरं, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आज भरतीला शेजारच्या दादांची होडी सोबत घेऊन गेलो. आवाज बसला तेव्हा बल्ब अगदी पापडासारखा चपटा होता! स्क्रू उघडाच होता. खात्रीसाठी शेवटी टाकीचं झाकणच काढलं, तरी तेच. बाटलीत तळाशी चमचाभर वेगळा थर दिसतो, वरचं पेट्रोल पिवळसर. हेच कारण असेल का?

जुना फिटर:
तो थर पाण्याचा आहे, पण नुसत्या पाण्याचा नाही. आता पेट्रोल पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. अर्धी रिकामी टाकी दोन महिने कोकणातल्या पावसाळी हवेत राहिली, की ओल आत जात राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलातून फुटून तळाला बसतं. ते पेट्रोल पुन्हा इंजिनात घालू नका. तळाच्या त्या थरात ऑइल नीट राहत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, वाळवा, नवं पेट्रोल आणि नवं ऑइल घाला.

पण पाण्याने बल्ब चपटा होत नाही. पाण्याने इंजिन अडखळतं, थुंकतं. तुमच्याकडे दोन दुखणी एकाच वेळी आहेत आणि पाण्याचं दुखणं बाटलीत समोर दिसल्यामुळे दुसरं झाकलं जाईल, याची मला जास्त काळजी वाटते. पाईप किती जुना आहे?

धागाकर्ता:
इंजिनाबरोबर आलेला, नऊ वर्षं झाली. बाहेरून चीर नाही. टाकीतली जाळीही काढून बघितली, साफ आहे.

जुना फिटर:
मग पाईपच. फुंकून हवा जाते याला अर्थ नाही. जुन्या पाईपाचं आतलं अस्तर रबरापासून सुटतं, इथेनॉलने ते लवकर होतं. फुंकलं की अस्तर बाहेरच्या भिंतीला चिकटतं आणि वाट मोकळी दिसते. इंजिन ओढायला लागलं की तेच अस्तर आत कोसळतं. पंप फुंकत नाही, ओढतो, म्हणून ओढूनच तपासायचं. मी अशा पाईपापायी तीन पंप बदललेले लोक पाहिलेत.

काही विकत घेण्याआधी कोणाचा तरी चांगला पाईप मागून आणा. आधी त्यांचा पाईप तुमच्या टाकीला लावा, मग तुमचा पाईप त्यांच्या टाकीला. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा.

धागाकर्ता:
चार दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. टाकी रिकामी करून वाळवली, ताजं पेट्रोल घातलं. आमचाच पाईप लावला: चौथ्या मिनिटाला बल्ब चपटा. म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. शेजारच्या दादांचा पाईप लावला: खाडीत वर-खाली वीस मिनिटं पूर्ण रेस, बल्ब जसाच्या तसा. मग आमचा पाईप त्यांच्या टाकीला लावला, तर त्यांचंही इंजिन बसायला लागलं. लगेच रेस कमी केली.

घरी येऊन पाईप उभा चिरला. टाकीच्या टोकापासून वीतभर अंतरावर आतलं काळं अस्तर सापाच्या कातीसारखं सुटून लोंबत होतं. बाहेरून बोटाने दाबून कितीही तपासला असता तरी कळलं नसतं. काका तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते.

इथेनॉल चालणारा, आऊटबोर्डचाच नवा पाईप बल्बसकट आणला, दोन्ही टोकांचे कनेक्टरही. कार्बोरेटरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. काल पहाटे भरतीला बाहेर जाऊन आलो, तासभर. एकदाही बल्ब दाबावा लागला नाही. परत येताना तोंडावर काकांनी सुकाणू माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतलं.

एकच विचारायचं राहिलं. इंजिनावरच्या पंपाचा डायफ्रॅमही (आतला पातळ पडदा) त्याच नऊ वर्षांचा आहे, रबरच आहे. तो आत्ताच बदलावा की चालतोय तोवर चालू द्यावा?

जुना फिटर:
बदला. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) शिरतं आणि एका सिलिंडरचा प्लग सारखा ओला होतो. किट स्वस्त आहे, तासाभराचं काम. काढताना पंपाच्या थरांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे बसवताना उलटसुलट होणार नाही. आणि जुना पाईप फेकू नका, मेस्त्रींना नेऊन दाखवा.