डॉल्बी व्हिजन लागलं की चेहरे काळवंडतात, असं का?

रावपुरा_वरचा_मजला
नमस्कार मंडळी. दिवाळीत आमच्याकडे 55 इंची नवा टीव्ही आला. खोक्यावर एचडीआर10, एचएलजी, डॉल्बी व्हिजन अशी तिन्ही नावं आहेत. दुकानदार म्हणाला, "बेन, एमां बधुं आवी गयुं," म्हणजे यात सगळं आलं, आणि आम्ही घेऊन आलो.

बातम्या, क्रिकेट झकास दिसतं. पण ओटीटीवर सिनेमा लावला आणि कोपऱ्यात डॉल्बी व्हिजनची पाटी आली, की रात्रीचे प्रसंग पार काळे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. काल ते खुर्चीतून उठून टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, बोलतंय कोण यातलं?" मला फार वाईट वाटलं. हाच सिनेमा जुन्या 32 इंचीवर त्यांनी आरामात बघितला होता. ब्राइटनेस 50 वरून 80 केला, तर काळा भाग राखाडी झाला, चेहरे तसेच. मोड 'सिनेमा डार्क' दिसतोय. हॉलमधली ट्यूबलाइट चालूच असते, अंधारात बसणं बाबांना झेपत नाही. टीव्हीत खोट आहे का?

दांडियाबाजार_एडिटर
ताई, खोट वाटत नाही. मी 14 वर्षं लग्नांचे आणि गरब्याचे व्हिडिओ एडिट करतोय, हा प्रश्न घरोघरी ऐकतो.

साधा व्हिडिओ, म्हणजे एसडीआर, 100 निट्स धरून तयार करतात. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. पण टीव्हीला तो आकडा कोणी सांगत नाही. हा पांढरा म्हणजे तुझ्याकडचा सगळ्यात उजळ पांढरा, एवढंच सांगतात. टीव्ही 300 निट्सचा असला तर तो अख्खं चित्र तिपटीने उचलतो, चेहऱ्यांसकट. म्हणून ट्यूबलाइटमध्येही ते छान दिसतं.

एचडीआर म्हणजे गडद ते लखलखीत असा जास्त मोठा पल्ला दाखवणारा व्हिडिओ; तुमच्या खोक्यावरची तिन्ही नावं त्याचेच प्रकार. त्यातले एचडीआर10 आणि डॉल्बी व्हिजन 'पीक्यू' नावाच्या वक्रावर, म्हणजे सिग्नलच्या कुठल्या आकड्याला किती उजेड हे ठरवणाऱ्या नियमावर, चालतात; 2014 साली तो मानक म्हणून ठरला. त्यात थेट निट्सचा हिशोब असतो, 10,000 पर्यंत. सिनेमावाले बहुतेक वेळा 1000 किंवा 4000 निट्सचं माप धरून, अंधाऱ्या खोलीत बसून रंग ठरवतात. चेहरे साधारण पूर्वीच्याच उजेडात ठेवतात आणि वरची मोकळी जागा ज्योत, ऊन, दागिन्यांची चमक यांना देतात.

गरब्याचंच घ्या. फ्लडलाइटखाली पांढरं केडियुं (पुरुषांचा घेरदार अंगरखा) आणि चनियाचोळीवरचं आभलं (आरशाचा तुकडा), एसडीआरमध्ये दोन्ही एकाच पांढऱ्यावर जाऊन आपटतात. केडियुंची शिवण जाते, आभलं नुसता ठिपका होतं. एचडीआरमध्ये केडियुं कापडासारखं दिसतं आणि फिरताना आभलं खरोखर लखलखतं. मी पहिल्यांदा हे चांगल्या मॉनिटरवर बघितलं तेव्हा तोच शॉट दहा वेळा मागे घेतला होता.

पण त्यासाठी पडदा उजळायला हवा. स्वस्त टीव्ही 300 च्या आसपास संपतो. मग वरची चमक दाबून बसवावी लागते, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. एचडीआर10 मध्ये पूर्ण सिनेमाला एकच सूचना असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर10+ मध्ये प्रसंगागणिक वेगळी. कमी उजेडाच्या टीव्हीला ही दुसरी पद्धत जास्त उपयोगी, म्हणून डॉल्बी व्हिजन असणं चांगलंच आहे. एचएलजी बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने प्रक्षेपणासाठी बनवलं, म्हणजे तेच सिग्नल जुन्या टीव्हीवरही चालावं. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.

आता कराल काय? सिनेमा चालू असताना मोड 'सिनेमा होम' किंवा 'ब्राइट' करा; 'डार्क' हा अंधाऱ्या खोलीसाठी आहे. ब्राइटनेस परत 50 वर आणा, तुमच्या टीव्हीत तो काळ्यालाच वर ढकलतोय. बॅकलाइट पूर्ण, वीज वाचवण्याचा मोड बंद. आणि ट्यूबलाइट समोरून पडद्यावर पडत असेल तर ती विझवून टीव्हीच्या मागे एक दिवा लावा, खोलीत अंधारही होणार नाही.

कारेलीबाग_22
दादा, आभल्याचं वाचून विचारते. लेकीच्या गरब्याचे व्हिडिओ मी आयफोनवर घेतले, फोनवर सुंदर दिसतात. पुण्याला मावशीला पाठवले तर तिच्याकडे रंग उडाल्यासारखे.

दांडियाबाजार_एडिटर
आयफोन 12 पासून कॅमेरा डॉल्बी व्हिजनमध्ये घेतो. वाटेत त्याचं रूपांतर नीट झालं नाही, की रंग फिके पडतात. सगळ्यांना पाठवायचे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'रेकॉर्ड व्हिडिओ'त जाऊन एचडीआर बंद करून घ्या. घेतलेले मात्र मूळ फाइलसकट जपून ठेवा, पुसू नका.

मांडवीकर
एक भर. बाहेरून बॉक्स किंवा प्लेअर जोडला असेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग तपासा. आमच्या एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर' बंद असल्यामुळे डॉल्बी व्हिजन येतच नव्हतं. आणि सॅमसंग घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यांच्या टीव्हीत आजवर एचडीआर10+ मिळत आलंय, डॉल्बी व्हिजन नाही.

रावपुरा_वरचा_मजला
दादा, सगळं केलं. वीज वाचवण्याचा मोड खरंच चालू निघाला. देवघरातला छोटा दिवा टीव्हीमागे ठेवला, ट्यूब विझवली. फार काळोखी दृश्यं अजून जड जातात, पण कालचाच प्रसंग परत लावला तर बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "याच्या मिशीत पांढरे केस आहेत की गं."