१९७० ते १९७९ या दशकातील आपले आवडते अल्बम कोणते आणि का?

तबकडीप्रेमी (प्रश्न) :

गेली काही वर्षे मी १९७०च्या दशकातील अल्बम सवडीने, एकेक करून ऐकतो आहे. आवडत्या गाण्यांची यादी कोणीही करू शकेल. पण पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधले एकही गाणे न वगळता पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटणारे अल्बम फार थोडे असतात. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० मिनिटांचे संगीत मावत असे आणि नंतर उठून ती उलटावी लागे. ज्यांनी या सक्तीच्या विरामाला रचनेत स्थान दिले, त्यांचेच अल्बम माझ्या मनात घर करून राहिले आहेत.

माझी पहिली पसंती मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला (१९७१) आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या नजरेने आपलाच देश पाहणाऱ्या या अल्बमच्या पहिल्या बाजूवर एक गाणे संपून दुसरे केव्हा सुरू झाले हे कळत नाही, आणि गे यांनी स्वतःचाच आवाज स्वतःच्या आवाजावर मुद्रित केल्यामुळे एकच माणूस मनाशी वाद घालत असल्याचा भास होतो. दुसरा जोनी मिचेल यांचा ‘ब्लू’ (१९७१). दोन्ही बाजूंवर पाच-पाच गाणी. शीर्षकगीत पहिल्या बाजूच्या अखेरीस, त्यामुळे ते संपल्यावर तबकडी उलटण्याआधी क्षणभर थांबावेसे वाटते. तिसरा स्टीव्ही वंडर यांचा ‘इनरव्हिजन्स’ (१९७३), ज्यातील बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतःच वाजवली आहेत.

आपली निवड कारणांसह वाचायला मला मनापासून आवडेल.

मंद्रसप्तक :

आपली कसोटी मला पटली, आणि त्या कसोटीवर पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) यादीत नसावा याचे आश्चर्य वाटले. पहिली बाजू मृत्यूच्या विचाराने, क्लेअर टोरी यांच्या शब्दहीन आर्त स्वराने संपते. तबकडी उलटली की कानावर पडतो तो नाण्यांचा खणखणाट. एवढा विलक्षण विरोध त्या विरामाशिवाय साधलाच नसता. हे दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे सात मात्रांचे आहे. आपल्या रूपक तालाची सवय असलेल्या कानाला त्याचे वजन लगेच ओळखू येते, आणि गिटारच्या एकल वादनात ठेका चार मात्रांवर येतो तेव्हा अंग एकदम सैल होते.

याच कारणासाठी मी डेव्हिड बोवी यांचा ‘लो’ही (१९७७) सुचवेन. पहिल्या बाजूवर सात आटोपशीर रचना, दुसऱ्या बाजूवर चार संथ रचना. त्या चारांत आवाज आहे तोही अर्थासाठी नव्हे, नादासाठी.

अनाहत :

माझे मत थोडे वेगळे आहे. या दशकातील माझा सर्वांत लाडका अल्बम तबकडीच्या बाजूंचा विचार करून घडलेलाच नाही. कीथ जॅरेट यांनी २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात केलेले एकल पियानोवादन पूर्णपणे उत्स्फूर्त होते. ‘द कोल्न कॉन्सर्ट’ या नावाने ते प्रसिद्ध करताना त्याचा उत्तरार्ध तीन बाजूंवर विभागावा लागला. मर्यादा तिथेही होती, पण ती पियानोची. मागितलेल्या मोठ्या पियानोऐवजी लहान आणि सदोष पियानो मंचावर आला होता. त्याच्या वरच्या पट्ट्या चिरक्या होत्या आणि खर्जात भरीवपणा नव्हता. म्हणून जॅरेट मधल्या सप्तकात रमले, आणि खर्जाची उणीव त्यांनी डाव्या हाताने तीच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत भरून काढली. त्या आवर्तनांवर उजवा हात हळूहळू बढत करत जातो, तेव्हा निगुतीने मांडलेला राग ऐकण्याचे समाधान मला मिळते, जरी तिथे कोणताही राग नाही.

याच ओढीने मी ‘शक्ती’च्या १९७६ साली आलेल्या पहिल्या अल्बमकडे वळलो. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांनी प्रत्यक्ष मैफलीत वाजवलेल्या या अल्बमची संपूर्ण दुसरी बाजू जवळजवळ २९ मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली आहे.

तबकडीप्रेमी :

दोघांचेही आभार. ‘डार्क साइड’ मी अनेकदा ऐकला आहे, पण बहुतेक वेळा सलग, न थांबता. आता मधला विराम घेऊन ऐकेन. कोलोनच्या मैफलीबद्दल मात्र माझी कसोटीच अपुरी होती हे मान्य करतो. त्या उत्तरार्धाचे तुकडे मला नेहमी खटकत आले, म्हणून मी तो अल्बम यादीबाहेर ठेवला होता. पण गे यांच्या खालोखाल मी सर्वाधिक वेळा ऐकलेला अल्बम तोच आहे.