ट्यूबा पिशवीत घालून न्या

ताई, लेकीला मुरमांसाठी पहिल्यांदाच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेताय, तर आजवर तिने तोंडाला लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, अगदी पिळून चपटी झालेलीसुद्धा. माझ्या भाचीच्या गोरेपणाच्या क्रीमवर मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन लिहिलेलं होतं. ते स्टेरॉइड, त्यानेही मुरमं उठतात! डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून वाचली तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या दिवशी चेहरा नुसता धुवा, पावडरही नको. पाळीच्या आधी मुरमं वाढतात का, पाळी अनियमित आहे का, हे तारखांसकट सांगा, लाजू नका. औषधाचा फरक दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर तिला फोडू मात्र देऊ नका, डाग राहतात.